परत आलेली शहाण्णव पार्सलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन बाजारात छोट्या विक्रेत्याचा निभाव कसा लागणार, यावर आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेला महिनाभर लिहिलं जातंय. कमिशन फार, सवलतीच्या काळात माल मातीमोल जातो, गिऱ्हाईक वापरून परत पाठवतं, अशा तक्रारी वाचल्या. त्या खोट्या नाहीत, मुलगा आणि सूनबाई कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतात, त्यामुळे आमच्या घरातही त्या रोज कानावर पडतात. पण ऑर्डर आल्यापासून पार्सल दाराबाहेर पडेपर्यंत आपल्याच खोलीत काय काय घडतं, यावर एकाही पत्रात ओळ नव्हती. आमचं सगळ्यात मोठं नुकसान त्या खोलीतच होत होतं. एका शंभरपानी वहीमुळे ते कळलं, आणि कळेपर्यंत आमच्या हातून एका कारागिरावर अन्यायही होऊन गेला. म्हणून पत्र लांबवतो आहे. जागा अपुरी पडली तर बाकी काहीही कापा, आकडे तेवढे राहू द्यावेत ही विनंती.

मी एसटीच्या विभागीय भांडारात ३३ वर्षं काढली आणि २०२१ साली निवृत्त झालो. भांडार म्हणजे गाड्यांचे सुटे भाग सांभाळायची जागा. ब्रेक लायनर, स्प्रिंगचे पाटे, फॅन बेल्ट, नट-बोल्ट, वॉशर. प्रत्येक रॅकला बिन कार्ड लटकवलेलं असतं. वस्तू आली की आवक, गेली की जावक, आणि तिथल्या तिथे शिल्लक. संध्याकाळी एकदम लिहू, असं म्हणायची सोय नव्हती. आगारात दुसरी एक वही असायची, ब्रेकडाऊनची. गाडी कुठे बंद पडली, काय गेलं, तो भाग शेवटचा कधी बदलला होता. गाडी बंद पडली की पहिलं नाव ड्रायव्हरचं निघायचं. पण वहीची पानं भरत गेली की दिसायचं, बंद पडलेल्या गाड्यांना एकाच खेपेत आलेले बेल्ट बसवलेले होते.

मुलगा आणि सूनबाई २०२२ पासून कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतात. दोन वेबसाइटवर त्यांचं दुकान आहे, शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर थेट ऑर्डरी येतात. माल तीन कारागिरांच्या घरून येतो. आमच्या घराची तळमजल्यावरची पुढची खोली हेच गोदाम, हेच पॅकिंग, हेच ऑफिस. पहिली दोन वर्षं मी त्यात पडलो नाही. २०२४ च्या मे महिन्यात एका रात्री साडेअकराला खाली आलो, तर सूनबाई फरशीवर बसून परत आलेली पार्सलं फोडत होती आणि मुलगा फोनवर म्हणत होता, "मामा, तुमच्या पंधरा जोड्या परत आल्यात. या वेळच्या मजुरीतनं धरतो." मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने कारागीर. मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी वही आणली.

वहीत सहा रकाने आखले. ऑर्डर नंबर, गाव, गेल्याची तारीख, परत आल्याची तारीख, गिऱ्हाइकाने दिलेलं कारण, आणि पार्सल उघडल्यावर आम्हाला दिसलेलं कारण. शेवटचे दोन रकाने मुद्दाम वेगळे ठेवले. वेबसाइटवर परत पाठवताना कारणांची एक यादी येते आणि माणूस घाईत पहिलं दिसेल ते दाबतो. 'आवडलं नाही' असं दाबलेल्या गिऱ्हाइकाला मी स्वतः फोन केला की तो सांगायचा, "काका, चप्पल छान होती हो, पण टाच बाहेर येत होती." असे बरेच फोन केले. एखाददुसरा सोडला तर सगळे नीट बोलले.

२०२४ च्या जून-जुलैत ४१२ पार्सलं गेली आणि त्यातली ९६ परत आली. त्या ९६ ची कारणं अशी निघाली. मापाची ५१. गिऱ्हाइकापर्यंत पोचलीच नाहीत अशी २३. चुकीचा माल किंवा जोडी चुकलेली ९. बुरशी धरलेली ७. बाकी रंग, उशीर वगैरे ६. वापरून परत पाठवलेली जोडी एकही नव्हती. इतरांकडे असं होत असेल, मी नाही म्हणत नाही. पण घरात ज्या गोष्टीवरून रोज चिडचिड चालली होती ती आमच्या वहीत सापडली नाही.

मापाचं आधी सांगतो. पारंपरिक कोल्हापुरीला बुटासारखा लाकडी फर्मा, म्हणजे पावलाच्या आकाराचा साचा, नसतो. तळ पुठ्ठ्याच्या नमुन्यावर कापतात, आणि तो नमुना घराघरात बापाकडून मुलाकडे आलेला असतो. मी तिन्ही घरांतली पुरुषी आठ नंबरची एकेक चप्पल टेबलावर ठेवली आणि स्टीलच्या पट्टीने तळ मोजला. एक २६६ मिलिमीटर, दुसरी २७२, तिसरी २७९. आपल्याकडे चालतात ते ब्रिटिश नंबर. त्यात एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. पहिल्या आणि तिसऱ्या चपलेत तेरा मिलिमीटरचं अंतर, म्हणजे दीड नंबर झाला. तिन्हींवर आठच लिहिलेलं, तिन्ही एकाच रॅकवर, आणि ऑर्डर आली की हाताला येईल ती जात होती. वेबसाइटवर आम्ही जो मापांचा तक्ता लावला होता तो मुलाने कुठल्याशा बुटांच्या तक्त्यावरून उतरवला होता. त्याचा या तिन्ही चपलांशी काही संबंध नव्हता.

२६६ ची चप्पल मामांची होती. म्हणून त्यांच्या जोड्या जास्त परत यायच्या आणि म्हणून 'मामा हल्ली काम नीट करत नाहीत' असं घरात बोललं जायचं. मी आणि मुलगा त्यांच्या घरी गेलो, तिन्ही चपला पुढ्यात ठेवल्या. मामांनी त्या उलट्यापालट्या करून बघितल्या आणि म्हणाले, "माझ्या बाच्या पुठ्ठ्यावर कापतोय मी. त्याचा आठ ह्योच हाय. तुमचा आठ कंचा, ते मला कुणी सांगितलंच न्हाई."

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं माल घेत होतो, नंबर सांगत होतो, पण नंबर म्हणजे किती मिलिमीटर हे ना आम्ही ठरवलं होतं, ना त्यांना विचारलं होतं. पंधरा जोड्यांचे जोडीमागे १५० प्रमाणे २,२५० रुपये मुलाने कापले होते. ते त्याने तिथेच परत केले आणि मामांच्या पाया पडला. मामा म्हणाले, "पैसं ऱ्हाऊ द्या की, पुठ्ठा तेवढा ठरवून द्या." पैसे आम्ही ठेवूनच आलो. पुठ्ठाही ठरवून दिला. सुताराकडून सनमायकाचे नमुने कापून घेतले, पुरुषांचे ६ ते ११ आणि बायकांचे ४ ते ८, असे तीन संच, तिन्ही घरांत एकेक. पुठ्ठ्याच्या कडा वापरून झिजतात आणि नंबर हळूहळू लहान होत जातो, हे मामांनीच सांगितलं. सनमायका झिजत नाही.

इथे कुणी म्हणेल की मग हाताच्या कामाचं यंत्र झालं. तसं झालेलं नाही. कान कसा वळवायचा, वेणी किती पदरी, पट्ट्यावरचं नक्षीकाम, गोंडा लावायचा की नाही, हे ज्याचं त्याचं आहे आणि तसंच राहायला हवं. आम्ही फक्त लांबी ठरवली. तीही दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे होतेच, चामडं आहे, हात आहे. अशी जोडी आम्ही कारागिराला परत करत नाही. आलेली प्रत्येक जोडी पट्टीवर मोजतो आणि ती किती लांबीच्या पावलाला बसेल ते तिच्या चिठ्ठीवर लिहितो. ऑर्डर आली की नंबराऐवजी लांबी जुळवून जोडी काढतो.

गिऱ्हाइकालाही आता नंबराच्या आधी पावलाची लांबी विचारतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहा, सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करा, भिंतीपासून खुणेपर्यंत मोजा. दोन्ही पावलं मोजा आणि मोठं असेल ते कळवा, कारण दोन्ही पावलं सारखी नसतात. संध्याकाळी मोजलं तर बरं, दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो. एवढं कोण करतंय, असं मुलगा म्हणाला होता. लोक करतात. बरेच जण कागदाचा फोटोच पाठवतात.

मापाच्या ५१ पैकी १७ जोड्यांची लांबी मात्र बरोबर होती. त्यांचा अंगठा, म्हणजे पायाचा अंगठा अडकवायची चामड्याची कडी, आवळत होता. नवी कोल्हापुरी अंगठ्यात घट्टच असते, ती सैल होण्याच्या हिशेबानेच बांधलेली असते. आमच्या चप्पल लाईनीत, म्हणजे कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारात, दुकानदार हे तोंडाने सांगतो. अंगठ्याला आतून तेलाचं बोट लावा, चार दिवस घरात अर्धा-अर्धा तास घाला, मग बाहेर काढा. पार्सलात दुकानदार नसतो. बंगळूर-दिल्लीच्या ज्या माणसाने जन्मात कोल्हापुरी घातलेली नाही तो पहिल्या पाच मिनिटांत ठरवतो की चप्पल लहान आहे. आता प्रत्येक जोडीत मराठी, हिंदी आणि इंग्रजीत चार ओळींची चिठ्ठी असते. तिचा छपाईचा खर्च परतीच्या एका भाड्याहूनही कमी आला.

गिऱ्हाइकाला दोष देणाऱ्या पत्रलेखकांना एक आठवण द्यावीशी वाटते. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार माल वर्णनाबरहुकूम नसेल, सदोष असेल किंवा उशिरा पोचला असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. आमच्या तक्त्यात एक माप आणि पार्सलात दुसरं माप होतं. त्या जोड्या परत आल्या त्यात गिऱ्हाइकाचं काही चुकलं नव्हतं.

आता न पोचलेली २३. यातल्या काही ठिकाणी गिऱ्हाईक कॅश ऑन डिलिव्हरी मागवून विसरलं होतं, काहींचा फोन लागला नाही, आणि सात ठिकाणी पत्ता किंवा पिनकोड चुकला होता. एक पार्सल पुण्यातल्या वडगाव शेरीचं होतं. तिथला पिन ४११०१४. गिऱ्हाइकाने लिहिताना शेवटचे दोन आकडे उलटे केले, ४११०४१. तो पिन वडगाव बुद्रुकचा, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा. दोन्हीकडे वडगाव, दोन्हीकडे पुणे, त्यामुळे कुणालाच संशय आला नाही. पार्सल तिकडे जाऊन, फिरून, अकरा दिवसांनी आमच्याकडे आलं.

पिनकोडची ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाच्या डोक्यातून निघाली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली. सारख्या नावाची गावं आणि वेगवेगळ्या भाषांतले पत्ते यांचा घोळ मिटावा म्हणूनच ती आली. पहिला आकडा देशाचा विभाग दाखवतो, आपल्या आणि गोव्याच्या पिनची सुरुवात ४ ने होते. पहिल्या तीन आकड्यांवरून टपालाची छाननी कुठल्या जिल्ह्यात होणार ते कळतं. सूनबाईने आता भिंतीवर कागद लावलाय. ४११ पुणे, ४२२ नाशिक, ४१६ आपलं कोल्हापूर, असे नेहमी लागणारे पन्नासेक. पत्त्यात नाशिक आणि पिन ४११ ने सुरू, असं दिसलं की पार्सल बांधण्याआधी फोन. एकाच शहरातल्या दोन वडगावांसाठी मात्र वेगळी लाल शाईची ओळ लिहिली आहे.

पैसे घरी देणाऱ्यांना आम्ही आधी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतो, 'अमुक जोडी, अमुक रक्कम, पाठवू का?' हो आलं की बांधायला घ्यायची. वेबसाइटवरून आलेल्या ऑर्डरींना असं थांबता येत नाही, तिथे वेळेचं बंधन आहे. पण आमच्या स्वतःच्या ऑर्डरींत याने फरक पडला. खेड्यातला पत्ता असेल तर पोस्टाने पाठवतो. देशात एक लाख चौसष्ट हजारांवर टपाल कार्यालयं आहेत आणि त्यातली बहुतेक खेड्यांत. माणूस शेतात असला तरी पोस्टमनला त्याचं घर ठाऊक असतं, आणि शेजारी कुणाला विचारायचं तेही.

बुरशीची सात पार्सलं छोटी गोष्ट वाटेल, पण ज्याच्या घरी हिरवट डाग पडलेली चप्पल जाते तो पुन्हा कधी आपल्याकडे येत नाही. कोल्हापुरीचं चामडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं. आपल्याकडच्या जुलैत ते दमट असतानाच आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करत होतो. आत ओल आणि वाटेत चार-पाच दिवस. आता पावसाळ्यात जोडी आधी दोन दिवस पंख्याखाली ठेवतो. उन्हात नाही, उन्हात चामडं तडकतं. मग साध्या कोऱ्या कागदात गुंडाळून ओल शोषणारी पुडी घालतो, आणि प्लास्टिक फक्त बाहेरून. आधी वर्तमानपत्राची पानं वापरत होतो, त्यांची शाई फिक्या चामड्यावर उतरली. दोन जोड्या त्यातही गेल्या.

चुकीच्या मालाची नऊ पार्सलं ही सरळसरळ भांडाराची चूक होती, आणि त्या बाबतीत माझा जीव तुटला, कारण एवढं तर मला दोन वर्षांपूर्वीच दिसायला हवं होतं. फोटो काढायला जोड्या सोडायच्या, मग घाईत पुन्हा बांधायच्या. एकाच घडणीच्या दोन जोड्यांतली एकाची डावी दुसऱ्याच्या उजवीला जायची. जोडी एकाच कातड्यातून कापलेली असते, म्हणून तिचा रंग जुळतो. अदलाबदल झाली की डावी-उजवी वेगळ्या छटेची दिसते. आता माल आला की दोन्ही चपलांना एकच क्रमांक लिहिलेली चिठ्ठी दोऱ्याने बांधतो, मगच ती रॅकवर जाते. फोटोसाठी प्रत्येक घडणीची एक जोडी कायमची बाजूला काढली आहे, ती विकायची नाही.

आणि रॅकला बिन कार्ड लावलं. मुलगा म्हणाला, बाबा, हे सगळं कॉम्प्युटरवर आहे. कॉम्प्युटरवर होतं खरं, पण खोलीत होतं ते वेगळं होतं. दोन वेबसाइट आणि व्हॉट्सअ‍ॅप, तिन्हीकडे तीच एक शेवटची जोडी विकायला लावलेली. त्याच दोन महिन्यांत अशा १९ ऑर्डरी आम्हाला रद्द कराव्या लागल्या. त्या परत आलेल्या पार्सलांत मोजलेल्याही नाहीत. ऑर्डर रद्द केली की वेबसाइटवर विक्रेत्याचे गुण उतरतात, मग माल यादीत खाली जातो, मग विक्री घटते, आणि आपण म्हणतो की मोठ्यांनी आपल्याला दाबलं. आता एका मापाची एकच जोडी उरली की ती वेबसाइटवरून उतरवायची आणि फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर विकायची. रोज सकाळी एका रॅकची मोजणी, सहा दिवसांत सहा रॅक. कार्ड आणि कॉम्प्युटर जुळलं नाही तर त्याच दिवशी शोधायचं, दिवाळीनंतर नाही.

खोक्याचं सांगायला हवं, कारण ही गोष्ट मला कुणाच्याच बोलण्यात आढळली नाही. कुरिअरवाले नुसतं वजन धरत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात, आणि तो आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त निघाला तर भाडं त्यावर लावतात. आम्ही बुटांची तयार खोकी विकत घेत होतो, ३३ बाय २१ बाय १२. गुणाकार ८,३१६, भागून १.६६ किलो. भाडं अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने, म्हणजे दोन किलोचं. आत चप्पल ७०० ग्रॅमची. कोल्हापुरी बुटासारखी उभी नसते. एक चप्पल दुसरीवर उलटसुलट, टाचेकडे अंगठा करून ठेवली की जोडी चपटी बसते. ३० बाय १२ बाय १० ची खोकी सांगून करून घेतली. गुणाकार ३,६००, भागून ०.७२. एक किलोचं भाडं. दोन वर्षं प्रत्येक पार्सलामागे आम्ही एका किलोच्या हवेचं भाडं भरलं. आता बांधलेलं पार्सल काट्यावर ठेवून, आकडा आणि ऑर्डर नंबर दोन्ही दिसतील असा फोटो काढतो. कुरिअरने वजन जास्त लावलं तर तो फोटो दाखवता येतो.

टेबलाबद्दल थोडं. सूनबाई फरशीवर बसून बांधायची, चिकटपट्टी कपाटावर, प्रिंटर आतल्या खोलीत, कागद जिन्याखाली. मी एक दुपार नुसता बसून मोजलं. वीस पार्सलांसाठी ती सव्वीस वेळा उठली. तिची कंबर दुखते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, का दुखते ते कुणी पाहिलं नव्हतं. कमरेइतक्या उंचीचं टेबल करून घेतलं, वर प्रिंटर, खाली कागद आणि खोकी, हाताशी चिकटपट्टी. दुपारी दोनपर्यंत आलेल्या ऑर्डरी त्या दिवशी, नंतरच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी मुलगा सगळ्या जोड्या रॅकवरून काढून आणतो, ती चिठ्ठी पडताळून बांधते. काढणारा आणि बांधणारा वेगळा असला की चूक दुसऱ्याच्या डोळ्याला दिसते. चारला कुरिअर येतो. साडेपाचला खोलीला कुलूप लागतं. नात शाळेतून येते तेव्हा तिची आई आता जेवणघरात असते.

हिशेबाचंही तसंच. परत निघालेलं पार्सल वेबसाइटवर 'पोचलं' दाखवतं आणि आपल्या हातात मात्र आलेलं नसतं, असं होतं. त्याची तक्रार ठरावीक दिवसांतच करावी लागते. वहीमुळे अशी चार सापडली आणि त्यांचे पैसे मिळाले. त्याआधीची किती गेली असतील ते आता सांगता येणार नाही. सरकारी कपातीही तपासायला लागलो. वेबसाइटने जीएसटीपोटी कापायची रक्कम १० जुलै २०२४ पासून एक टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आली, ती आपल्या नावावर नीट जमा होते का हे दर महिन्याला बघायला हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवरचा जीएसटी पाच टक्के झाला. त्याच्या आदल्या रात्री आम्ही तिघांनी बसून प्रत्येक जोडीची किंमत तिन्ही ठिकाणी बदलली. बिन कार्डांमुळे कुठली जोडी राहिली ते लगेच कळलं.

२०२५ च्या जून-जुलैत ४३८ पार्सलं गेली, ४१ परत आली. मापाची १४, न पोचलेली १७, चुकीची २, बुरशीचं १, बाकी ७. न पोचणाऱ्यांवर मला पुरता इलाज सापडलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. घरी पैसे द्यायच्या पार्सलाला दारातून परत पाठवणारे अजून आहेत. याच दिवसांत मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नाव न घेता, आणि सगळीकडे चर्चा झाली. आमच्याकडेही चौकशा वाढल्या. रागही आला आणि अभिमानही वाटला. पण मला सारखं वाटत होतं की हीच गर्दी आदल्या वर्षी आली असती तर आम्ही शेकडो लोकांना कोल्हापूरच्या नावाने चुकीच्या मापाची चप्पल पाठवून बसलो असतो.

आता मागणी. मुलगा एका दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेला होता. खातं कसं उघडायचं, पांढऱ्या पडद्यापुढे फोटो कसा काढायचा, बोधचिन्ह कसं असावं, हे शिकवलं. ऑर्डर आल्यावर काय करायचं यावर एक तासही नव्हता. शिकवणारे चांगले होते, अभ्यासक्रमातच ते नव्हतं. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. त्यातल्या अठरा व्यवसायांत पादत्राणांचे कारागीर आहेत, पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण आहे, रोजचे ५०० रुपये विद्यावेतन आहे. त्यातला एक दिवस मोजमाप, चिठ्ठी, बांधणी आणि परतीच्या वहीला द्यावा. कारागिराने स्वतः ऑनलाइन विकलं नाही तरी त्याच्या मालाचं पुढे काय होतं आणि तो परत का येतो, हे त्याला कळायला हवं. नाहीतर मामांसारखं, दोष आपला नाही हे माहीत नसलेला माणूस मजुरी कापू देत राहतो.

दुसरं असं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते आपल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या चार जिल्ह्यांना मिळून. आपलं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचं चर्मोद्योग महामंडळ ही दोघं त्याची धारक आहेत. या दोघांनी मिळून आठ जिल्ह्यांसाठी लांबीचा एकच नमुना-संच ठरवावा आणि कारागिरांच्या घरोघरी द्यावा. फक्त लांबीचा. कापशी, पुकरी या कोल्हापुरीच्या वेगवेगळ्या घडणी; कापशी कापशीच राहावी, पुकरी पुकरीच. आम्हाला एका संचाला सनमायका आणि सुताराची मजुरी धरून साडेसातशे रुपये पडले.

आणि आपल्या दैनिकाला विनंती, की या सदरात विक्रेत्यांकडून तक्रारींबरोबर त्यांच्या वह्याही मागवा. लोणची-मसाले पाठवणाऱ्या बायकांच्या बाटल्या कुठे फुटतात, येवल्याच्या पैठणीचा रंग फोटोत वेगळा का दिसतो, देवगडचा आंबा कितव्या दिवशी बांधला तर पोचतो. ज्याने मोजलं असेल त्याने लिहावं, मी आवडीने वाचेन.

आमच्याकडे नमुन्यांचा एक जादा संच आहे, तो सुताराकडे कापायला देऊन कुणालाही तसाच करून घेता येईल. कोल्हापूर परिसरातल्या कारागिराला हवा असेल तर आपल्या कार्यालयात नेऊन ठेवण्याची माझी तयारी आहे. सोबत परतीच्या वहीच्या एका पानाची झेरॉक्सही देईन, रकाने कसे आखलेत ते कळायला.

आपला,
एक निवृत्त एसटी भांडारपाल, कोल्हापूर